शेवट सांगणारी सुनेत्रा

सुनेत्रा गजभियेची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. इंग्लंडातल्या रीडिंगच्या मल्टिप्लेक्सच्या लॉबीत, पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर मी तिच्यावर मराठीतून ओरडले आणि तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. चूक तिचीच होती, असं माझं आजही मत आहे.

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच आले होते. दिवसभर एका विमा कंपनीच्या ऑफिसात आकड्यांशी झटापट करायची आणि शुक्रवारी संध्याकाळी सिनेमा गाठायचा, एवढंच माझं आयुष्य होतं. दोन हजार तीन साल असेल. त्या वर्षांत हिंदी सिनेमे पुण्यात लागायचे त्याच शुक्रवारी इथेही लागायचे आणि पुढच्या आठवड्यात बघावं तर ब्रिटनच्या पहिल्या दहांत जाऊन बसलेले असायचे. इंग्रजी पेपरांना याचं फार आश्चर्य वाटायचं. ही एवढी तिकिटं काढतं तरी कोण? आम्ही काढत होतो. स्लाउहून, हाउन्स्लोहून, रीडिंगहून, सहकुटुंब आणि डबे घेऊन.

तर त्या दिवशी सिनेमा ऐन रंगात आला होता. नायिकेचे वडील जिन्यात उभे राहून नको ते ऐकतात, आणि पडद्यावर मध्यंतराची पाटी येते. पाटी आली की उठायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. मी उठले. माझ्या रांगेतली दोन-तीन कुटुंबं उठली. एका आजींनी पिशवीतून थर्मासही काढला. आम्ही सगळे बाहेर येतो तर लॉबी रिकामी, काउंटरवर चिटपाखरू नाही आणि पाठीमागच्या दारातून पुढचं गाणं सुरू झाल्याचा आवाज.

"अरे देवा, हे काय!" मी म्हणाले.

दाराशी मरून रंगाचं जॅकेट घातलेली एक ठेंगणी बाई लांब दांड्याचा झाडू घेऊन उभी होती. "इथे इंटर्व्हल नसते, ताई," ती मराठीत म्हणाली. "ती पाटी रिळातच असते. येते आणि जाते. आपले लोकं दर शुक्रवारी असेच बाहेर येतात." मग माझा चेहरा पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "घाबरू नका. शेवटी दोघं एक होतात. वडीलपण मानतात. जा, आरामात पाहा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्हाला शेवट विचारला होता का मी?"

"नाही."

"मग सांगितलात कशाला?"

"आता बरं वाटलं ना पण?" ती म्हणाली. थर्मासवाल्या आजींना मात्र खरंच बरं वाटलं होतं. त्या 'चला, सुटले बाई' असं म्हणत आत गेल्या.

मी पुण्याच्या फिल्म क्लबात वाढलेली मुलगी. पहिलं नाव पडद्यावर यायच्या आत खुर्चीत बसायचं, शेवटचं नाव वर सरकून जाईपर्यंत उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, फोन बंद ठेवायचा आणि मेलं तरी कोणाला शेवट सांगायचा नाही, हा आमचा धर्म. त्या धर्मावर पाय देऊन ही बाई झाडू घेऊन हसत उभी होती. मी आत जाऊन बसले, पण सगळी गंमत गेली. वडील रागावले की मला वाटायचं, रागाव बाबा, शेवटी मानणारच आहेस.

तिची आणि माझी दुसरी गाठ पडली तीही माझ्या धर्मामुळेच. सिनेमा संपला, लोक निघून गेले आणि मी एकटीच खुर्चीत बसून नावं वाचत होते. दिवे लावणारे, खुर्च्या उचलणारे, जेवण पुरवणारे. ही काळी कचऱ्याची पिशवी घेऊन भिंतीशी उभी. मी उठायचं नाव घेईना, तेव्हा ती सरळ माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं बूट काढले.

"तुम्ही रोज येत जा, ताई," ती म्हणाली. "कस्टमर आत बसलेली असली की मला झाडता येत नाही. तेवढंच पायाला आराम."

अशी आमची मैत्री झाली. मी नावं वाचायची, ती पाय चोळायची. महिन्याभरात आम्ही अगं-तुगंवर आलो.

सुनेत्रा नागपूरची. बी.एस्सी. करून तिथल्या एका शाळेत सायन्स शिकवायची. नवरा शशिधर एम-फोर हायवेच्या कडेच्या एका आयटी ऑफिसात टेस्टर होता. त्याच्या मागोमाग ती आली, एक हिवाळा खिडकीतून समोरच्या घरांची कुंपणं मोजत घरात बसली आणि मग थिएटरच्या दारावर 'माणसं पाहिजेत' अशी पाटी दिसल्यावर आत शिरली. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली. पदवी घेऊन कचरा उचलतेस? सुनेत्रा म्हणायची, "कचरा नाही, मी सिनेमे पाहून राहिली. तो खाली पडलेला असते म्हणून उचलते."

पण ते अर्धसत्य होतं. ती सिनेमे पाहायची ती फक्त शेवटची दहा मिनिटं. झाडायला येणाऱ्या माणसानं सिनेमा संपायच्या जरा आधी आत येऊन मागं उभं राहायचं, लोक उठले की दारं उघडायची आणि पुढच्या खेळाच्या आत सगळं चकाचक करायचं, अशी तिथली पद्धत. दहा पडदे होते. एका पडद्यावरचा शेवट झाला की दुसऱ्यावरचा. त्यामुळे त्या वर्षांत ब्रिटनमध्ये गाजलेल्या झाडून सगळ्या सिनेमांचे शेवट सुनेत्रानं पाहिले होते, एकेक शेवट वीस-वीस वेळा, आणि सुरुवात एकाचीही नाही. गुप्तहेर कोणाच्या मागं लागलाय हे तिला ठाऊक नसायचं, पण तो वाचतो हे ठाऊक असायचं. प्रेमाच्या सिनेमात कोणीतरी पावसात धावत येतं आणि समोरच्याची छत्री खाली पडते, हे तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं, की ती छत्री दिसली की दाराची कडी काढायला जायची.

"माझ्या हिशोबानं जगातल्या सगळ्याच लोकांचं चांगलं होते," ती एकदा मला म्हणाली. "मी तेवढंच पाहते ना."

हे हळूहळू आमच्या रीडिंगच्या मराठी मंडळींत पसरलं. तेव्हा भारतातून सहा महिने राहायला आलेले आईवडील घरोघर असायचे आणि त्यांना घेऊन जायचं कुठे, तर सिनेमाला. निघण्याआधी सुनेत्राला फोन करायचा अशी रीतच पडली. "बाबांचं बायपास झालंय, चालेल ना गं?" "आईला फार रडवत नाहीत ना?" पोरांच्या आया तर एकच प्रश्न विचारायच्या, कारण लहान मुलांच्या प्रत्येक सिनेमात एक कुत्रं असायचंच. "कुत्रं मरतं का?"

सुनेत्रा उत्तर द्यायची ते छापील. "कुत्रं वाचते. घेऊन जा." किंवा, "आजोबा जातात, पण झोपेत जातात. रुमाल ठेवा." पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडलेला फोनवरसुद्धा कळायचा. तिचा एकच नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नसेल तो शेवट ती कधी सांगायची नाही. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाबद्दल कोणी शुक्रवारीच विचारलं तर, "अजून पाहिला नाही, उद्या फोन करा," म्हणून फोन ठेवायची. कितीही अजीजी केली तरी अंदाजानं एक शब्द बोलायची नाही.

मला या सगळ्याचा संताप यायचा. मी तिला खूप ऐकवलं. शेवट आधी कळला तर लोक पाहणार काय? कपाळ? ती हसायची. शशिधर मध्येच बोलायचा. शशिधर हा माणूस माझ्या बाजूचा होता, पण त्याची बाजू असून काही उपयोग नव्हता, कारण त्याला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय सांगता यायची नाही. साधं 'ट्रेन उशिरा आली' हे सांगायलाही तो सकाळच्या चहापासून सुरू करायचा. चहात आलं होतं की नव्हतं, मग मोजे, मग दाराची किल्ली. मी त्याला 'शशिधरभाऊ, तुम्ही पुढचं सांगा' म्हणायची आणि तो नम्रपणे 'हो ताई, येऊन राहिलो तिकडेच' म्हणून पुन्हा मोज्यांवर जायचा. एका घरात एक माणूस फक्त सुरुवातीचा आणि एक फक्त शेवटाचा. मला वाटायचं, देवानं काय जोडी जमवलीय. ते दोघंही देव मानणारे नव्हते, म्हणून तसं म्हणायची मात्र सोय नव्हती.

एकदा, नावं वर सरकत असताना, मी तिला विचारलं, "सुनेत्रा, एकदा तरी सुट्टीच्या दिवशी ये माझ्याबरोबर. पहिल्यापासून बघू एखादा. तुला कधी वाटत नाही का गं?"

ती पिशवीला गाठ मारत होती. थांबली. "सुरुवात मला सोसत नाही, ऋजुता."

मग तिनं सांगितलं. तिला तीनदा दिवस गेले होते. दोनदा नागपुरात आणि एकदा इथे आल्यावर. तिन्ही वेळा तिसरा-चौथा महिना गाठला, लोकांना कळलं, नागपुरात तर पेढेही वाटून झाले, आणि मग गेलं.

"गेलं त्याचं दुःख तर आहेच," ती म्हणाली. "पण नंतर लोकं अभिनंदन करायला येऊन राहिले ना. कोणाला कळलेलं नसायचं. हसत हसत दारात यायचे आणि मला सांगावं लागायचं. प्रत्येकाला मीच शेवट सांगितला, बाई. एकेकाला बसवून. त्यांना मीच पाणी द्यायची."

मी माणसांना धीर देण्यात फार कच्ची आहे. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि समोरच्या रांगेतले रिकामे डबे उचलायला लागले. दोघींनी मिळून तो पडदा झाडला. त्या दिवसानंतर मी तिच्याशी शेवटांवरून वाद घातला नाही.

दोन हजार सहाच्या हिवाळ्याच्या तोंडाशी तिनं मला फोन केला. नेहमीचं 'हॅलो' नाही, काही नाही. "ऋजुता, आहे पुन्हा," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, भीतीच होती. ती तेव्हा चाळिशीला टेकली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की हे राहिलं तर राहिलं, पुन्हा आशा धरू नका.

"कोणाला बोलू नको. पूर्ण होईपर्यंत एका माणसाला कळायला नको. तू, हे, डॉक्टर आणि आमचा मॅनेजर."

मॅनेजरला सांगणं भागच होतं, कारण पिशव्या उचलणं, जिने चढणं सगळं बंद. तो भला माणूस होता. त्यानं तिला झाडण्याच्या कामावरून काढून दारावर बसवलं. तिकिटं फाडायची, आणि प्रत्येक खेळ सुरू झाला की आत जाऊन मागं उभं राहायचं. चित्र नीट दिसतंय का, आवाज ठीक आहे का, दिवे मावळले का हे पाहायचं आणि दहा मिनिटांनी बाहेर यायचं.

म्हणजे आता सुनेत्राला फक्त सुरुवाती दिसायला लागल्या.

ती पार कासावीस झाली. लोकांचे फोन चालूच होते आणि तिच्याकडे उत्तरं नव्हती. झाडायला नवीन आलेल्या पोरांना विचारलं तर ती खांदे उडवून 'ऑल राइट' म्हणायची. तिकीट खिडकीवर मॉरीन नावाची एक जुनी बाई होती, साठीची, रीडिंगमध्येच जन्मलेली, सगळ्या जगाला 'लव्ह' म्हणणारी. तिला कुठलाही सिनेमा विचारला तरी 'लव्हली, लव्ह, आय क्राइड' असंच उत्तर. त्यावरून कुत्र्याचं काय झालं ते कळण्याची सोय नव्हती.

"तू पाहून ये ना," सुनेत्रा मला म्हणाली. "आणि मला सांग. तुझ्या डोळ्यांवर माझा भरोसा आहे."

मी? फिल्म क्लबवाली? पुण्यातल्या माझ्या मित्रांना कळलं असतं तर त्यांनी मला वाळीत टाकलं असतं. पण तिच्याकडे पाहून नाही म्हणवेना. मी जायला लागले. शनिवारी सकाळचा पोरांचा खेळ, रविवारी दुपारचा मारामारीचा. घरी येऊन तिला फोन. सुरुवातीला मी तिला कॅमेरा आणि संकलनाबद्दल सांगायची. ती मध्येच तोडायची. "ते राहू दे. वाचतात का?"

"वाचतात."

"सगळे?"

"एक काका जातात. पण ते तसेही दुष्टच होते."

"मग ठीक आहे." आणि ती लगेच पुढचे चार फोन करायला मोकळी.

गंमत म्हणजे सुरुवातींनी तिच्यावर काहीतरी केलं. एकदा ती मला म्हणाली, "तुला माहीत आहे, ऋजुता, सुरुवातीला ना, लोकं पडद्याकडे पाहून राहिलेले असतात आणि मी त्यांच्याकडे. कोणालाच पुढचं काही माहीत नसते. तरी सगळे आरामात पॉपकॉर्न खाऊन राहतात. मला तर समजतच नाही. त्यांना भीती काहून वाटत नसेल?"

"अगं, सिनेमा आहे तो."

"हो. पण तरी." ती म्हणाली. "काल मीपण खाल्ले थोडे. मॉरीननं दिले."

महिने जात होते आणि पोट लपेना. मंडळातल्या बायकांच्या लक्षात आलंच. त्यांनी डोहाळजेवणाचा घाट घातला, हिरवी साडी कोणाकडून आणायची हेही ठरवलं. सुनेत्रानं हात जोडले. नको. नाव नको, पाळणा नको, एक लहानसं झबलंही घरात नको. बायका फुरंगटल्या. मी मध्ये पडून दोघी-तिघींना असं काही सुनावलं, की त्या पुढं महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझी काही हरकत नव्हती.

एप्रिल आला. ईस्टरच्या सुट्ट्या होत्या आणि थिएटर पोरांनी नुसतं गजबजलं होतं. सुनेत्राची रजा सुरू झाली होती. तारखेला अजून पाच-सहा आठवडे होते, म्हणजे आम्ही सगळेच श्वास रोखून होतो, पण थोडे सैलावलोही होतो. त्या शुक्रवारी एक नवीन सिनेमा लागला. म्हातारा मेंढपाळ आणि त्याचं कुत्रं. पोस्टरवर कुत्रं एकटंच डोंगरावर उभं होतं, आणि म्हातारा कुठे दिसतच नव्हता. सुनेत्राला रात्रीपर्यंत सात-आठ फोन आले. तिनं सगळ्यांना सांगितलं, उद्या सांगते. आणि मला म्हणाली, "सकाळच्या पहिल्या खेळाला जा, बाई. हे पोस्टर काही मला बरोबर दिसत नाही."

शनिवारी मी गेले. चौदा एप्रिल होता. शशिधर दर वर्षी या दिवशी फुलं घेऊन लंडनमधल्या कॅमडेनला जायचा, किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब राहत त्या घरासमोर उभं राहायला. तो तिकडे गेला असणार आणि सुनेत्रा घरी पाय वर करून पडली असणार, असं मी धरून चालले होते. माझ्या नियमाप्रमाणे मी फोन बंद केला आणि पोरांच्या गोंगाटात मधली खुर्ची धरली.

सिनेमा बरा होता, हे मान्य करायला हवं. म्हातारा आजारी पडतो, बर्फ पडायला लागतं, मेंढ्या हरवतात आणि कुत्रं एकटंच त्यांना शोधायला निघतं. बर्फाचा कडा. खाली दरी. कुत्रं कड्यावरून घसरतं. सगळं थिएटर चिडीचूप. आणि माझ्या गुडघ्यावर टॉर्चचा उजेड पडला.

मॉरीन होती. तिकीट खिडकी सोडून ती आत आली होती. "ऋजुता, लव्ह," ती कुजबुजली, "सुनेत्राज हजबंड. ऑन द फोन. ही साउंड्स फनी, लव्ह. यू बेटर कम."

मी उठले. रांगेतल्या पोरांच्या पायांवरून, सांडलेल्या पॉपकॉर्नवरून बाहेर आले. त्या खुर्चीपासून तिकीट खिडकीपर्यंत मी काय काय विचार केला ते मला लिहायचं नाही. पाच-सहा आठवडे आधी. तीनदा आधीही असंच. आणि या वेळी सगळ्यांना बसवून कोण सांगणार, पाणी कोण देणार? मी देईन, असं मी मनाशी म्हणत होते. या वेळी मी एकेकाच्या घरी जाईन, तिला जाऊ देणार नाही. खिडकीसमोर पोरांची आणि आईबापांची ही मोठी रांग लागली होती. मॉरीननं मला मागच्या दारानं आत घेतलं आणि रिसीव्हर हातात दिला.

"हॅलो?"

"ऋजुताताई," शशिधरचा आवाज. घोगरा, तुटक. "तुमचा फोन बंद होता ना, तर सुनेत्रा म्हणाली थिएटरला लावा. तर काय झालं, ताई. सकाळी आज लवकर उठलो. कॅमडेनला जायचं होतं. फुलं कालच आणून बादलीत ठेवली होती. चहा टाकला. तर सुनेत्रा म्हणाली, मला पण अर्धा कप द्या. मी म्हटलं, आलं टाकू का..."

"शशिधरभाऊ..."

"तर ती म्हणाली, टाका. मी आलं किसून राहिलो होतो, तेवढ्यात..."

"शशिधर!" मी ओरडले. रांगेतल्या यच्चयावत माणसांनी माना वळवल्या. "अरे, शेवट सांग आधी! शेवट!"

तो थांबला. मी खिडकीची कड घट्ट धरली.

"मुलगी झाली," तो म्हणाला. "रडून राहिली, ताई. लहान आहे, पण डॉक्टर म्हणाले, छान आहे. सुनेत्रा पण छान आहे. दोघी छान आहेत."

मी तिथेच खाली, तिकिटांच्या कागदांच्या रिळांच्या खोक्यावर बसले. मला रडू आलं, आणि ते आवरेना, आणि मला ते आवरायचंही नव्हतं. मॉरीननं माझा चेहरा पाहिला आणि काहीही न विचारता स्वतःही रडायला लागली. मग तिनं खिडकीची काच वाजवली आणि बाहेरच्या रांगेला ओरडून सांगितलं, "इट्स अ गर्ल!" त्या रांगेतल्या लोकांना कोण, कुठली, कोणाची, काही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

फोनवर शशिधर अजून होता. "आता सांगू का, ताई, पहिल्यापासून?" त्यानं विचारलं.

"सांग," मी म्हणाले. "सगळं सांग. आलं किती टाकलंस?"

दुपारी मी हॉस्पिटलात गेले. तिथे मला उरलेलं कळलं. पहाटेच सगळं सुरू झालं होतं, पण सुनेत्रानं शशिधरला शपथ घातली होती, की पूर्ण होईपर्यंत कोणालाही फोन करायचा नाही. टॅक्सीत बसतानाही त्याच्या हातात ती कॅमडेनची फुलं तशीच होती. आता ती खिडकीत, पाण्याच्या जगमध्ये उभी होती. उद्या तिकडे घेऊन जातो, एक दिवस उशीर झाला तर बाबासाहेब समजून घेतील, असं शशिधर जो येईल त्याला सांगत होता.

सुनेत्रा उशांना टेकून बसली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिच्या छातीशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक एवढंसं लाल तोंड होतं. मी तिला इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. मी वाकून बाळाकडे पाहिलं, आणि माझ्यासारख्या बाईला जे सुचतं ते म्हणाले, "केस बरेच आहेत की."

"पाहिलास का?" सुनेत्रानं विचारलं.

"काय?"

"सिनेमा. कुत्र्याचं काय झालं? सकाळपासून फोन येऊन राहिले असतील."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी मध्येच उठले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "तू?"

"कुत्रं कड्यावरून घसरलं, तेवढ्यात मॉरीन आली."

"तू मध्येच उठलीस? सिनेमा टाकून?" तिचे डोळे भरून आले. पहाटेपासून एवढं सोसलं, त्यात तिला रडू आलं नव्हतं, असं शशिधर नंतर सांगत होता. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाळ बारीक आवाजात कुरकुरत होतं.

तेवढ्यात उशाशी तिचा मोबाइल वाजला. मंडळातली गिरिजा होती. दोन पोरं घेऊन ती थिएटरच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि तिला आत जायच्या आधी एवढंच विचारायचं होतं. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सुनेत्रा, घाईत आहे गं, तिकिटं संपायला आलीत. पोस्टर बघून धाकटा आत्तापासून रडतोय. कुत्रं मरतं का?"

मी सुनेत्राकडे पाहिलं. तिनं तो सिनेमा पाहिला नव्हता. मी तो निम्मा पाहिला होता. त्या खोलीत कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

सुनेत्रानं बाळाचं कापड हनुवटीखाली नीट केलं.

"वाचते," ती म्हणाली. "घेऊन जा."